हशासाठी नऊ सेकंद

आधीच सांगून टाकतो, मी खोटं बोलतो. पोटासाठी बोलतो, म्हणून लोक त्याला धंदा म्हणतात. पडद्यावर चिनी सिनेमा चालू असतो, मी बाजूला खुर्ची टाकून माईक तोंडाशी धरतो आणि कोण कुणाला काय म्हणालं ते आपल्या लुगांडा भाषेत सांगत जातो. तीस वर्षं झाली. चिनी भाषेचं एक अक्षर मला येत नाही, पण आजवर एकाही चिनी माणसानं तक्रार केलेली नाही.

आमच्याकडे असल्या माणसाला व्हीजे म्हणतात. गल्लोगल्ली व्हीजे सापडतील, पण आमच्या लुगाझी गावात व्हीजे एन्कुबा एकच. एन्कुबा म्हणजे पाऊस. आईनं ठेवलेलं नाव येरेमिया म्पागी, ते आता फक्त दवाखान्याच्या चिठ्ठीवर उरलंय. झालं असं, की एकदा सिनेमा ऐन रंगात आलेला, तलवार उपसलेली, आणि आमच्या सिनेमा हॉलच्या पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला. माझं मलाच ऐकू येईना. मी आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिरगाळलं आणि वर बघून म्हणालो, "एक तर तू बोल, नाहीतर मी!" पाऊस जो वरमला तो उठून न्जेरू गावाच्या बाजूला गेला आणि तिथं दोन दिवस पडला. त्या वर्षी न्जेरूत केळीचा एकेक घड चार माणसांनी खांद्यावरून वाहून न्यावा लागला. न्जेरूचे लोक हे आज कबूल करत नाहीत. कृतघ्न आहेत.

तर आवाज. आवाज किती ठेवायचा ही या धंद्यातली खरी विद्या. सिनेमातल्या मारामारीचा आवाज माझ्या आवाजाखाली राहिला पाहिजे, पण मेला नाही पाहिजे. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे, पण पहिल्या बाकावरच्याच्या कानात बोट जाता कामा नये. त्यासाठी माझ्याकडे एकच यंत्र होतं, नालोंगो.

जुळ्यांच्या आईला आम्ही नालोंगो म्हणतो, तिचं खरं नाव मग कोणी विचारत नाही. ही नालोंगो हॉलच्या मागच्या दाराशी, दुसऱ्या स्पीकरला टेकून, भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पुड्या विकायची. बावीस वर्षं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी एक विनोद टाकायचो. तिनं भुवया आवळल्या की आवाज वाढवायचा. तळहात खाली दाबला की उतरवायचा. मांडीवर थाप मारून हसली की तिथंच हात थांबवायचा, मग अख्ख्या लुगाझीनं सांगितलं तरी बटणाला हात लावायचा नाही.

त्या बावीस वर्षांत तिचा उजवा कान गेला. स्पीकर त्याच बाजूला होता. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त कोणी पुडी मागितली की डावीकडे वळायची.

आमच्या हॉलमधला हसण्याचा रिवाजही सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चांगला विनोद झाला की व्हीजेनं सिनेमाचा आवाज मिटवून थांबायचं. दोनशे माणसांना हसायला वेळ लागतो. पुढचे आधी हसतात, मागच्यांना शेजारचा समजावून सांगतो, मग ते हसतात, त्यांना हसताना बघून पुढचे पुन्हा हसतात. मी घड्याळ लावून पाहिलंय, नऊ सेकंद. एकदा सासूच्या विनोदावर हशा इतका लांबला की पडद्यावरच्या शत्रूनं उगारलेली तलवार तशीच हवेत धरून ठेवली. खोटं वाटत असेल तर मुसोके खाटकाला विचारा. तो तेव्हा बाकावरून पडला होता.

मग सगळ्यांच्या खिशात फोन आले. एकानं यायचं बंद केलं, मग चौघांनी, मग बाकाच्या बाकांनी. भांडण नाही, काही नाही. रस्त्यात भेटले की हात करायचे, "व्हीजे, कसा आहेस रे?" आणि पुन्हा फोनमध्ये मान. साखर कारखान्याची पाळी सुटल्यावर दारात जी झुंबड उडायची, ती आता सरळ रस्त्यानं घरी जायला लागली.

त्याच सुमारास नालोंगो घसरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. कासेसेहून लेक आला तिला न्यायला. कासेसे म्हणजे पार पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, बसनं अख्खा दिवस. तेव्हा निदान चाळीसेक माणसं तरी यायची. बसच्या खिडकीतून तिनं मला जवळ बोलावलं, डावा कान माझ्याकडे केला.

"एन्कुबा, हॉल रिकामा पडला तर मला सांगायचं."

"पडतोय कशाला?"

"आधी ऐक. माझा नवरा शेवटी शेवटी शेळ्यांशी बोलायचा. माणूस एकटा बोलायला लागला की कसा दिसतो ते मी बघितलंय. तुझं तसं व्हायला नको. रिकामा पडला की मला सांग, मी म्हणेन तेव्हा कुलूप लावायचं. लावशील?"

"तू हात खाली दाबलास आणि मी आवाज उतरवला नाही, असं कधी झालंय?"

"मग ठीक."

आणि बस गेली. तिनं एवढं बोलून मला पुरतं बांधून ठेवलं. तिनं कुलूप म्हटलं तर कुलूप लावावं लागणार. आणि हॉलला कुलूप लावून मी जाणार कुठं? घरी जी खोली आहे तिच्यात एक खाट आहे, आणि खाटेला माझा एकही विनोद समजत नाही.

म्हणून मी धंदा केला. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा आणि मी हॉल भरून दाखवायचो. "आज खिडकीत बसले होते लोक!" "आज मुसोके पुन्हा पडला!" एका रविवारी तर मी पोलीस बोलावले गर्दी आवरायला. तुझ्या जागेवर नवी बाई बसते म्हणालो, पण तिचे शेंगदाणे खवट. हे ऐकून नालोंगो फार खूश झाली. प्रत्यक्षात त्या महिन्यात एकूण तिघं आले होते, त्यातला एक झोपायला.

आणि मग एका रविवारी ती म्हणाली, "लेकानं मला मोठा फोन दिलाय. तुझा सिनेमा त्याच्यावर चढव. सगळे व्हीजे चढवतात म्हणे. बघू दे तरी माझ्याशिवाय कसं चाललंय."

"चढवतो की," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"आणि लोकांचा आवाज येऊ दे जरा. मुसोके हसतो ते ऐकून किती दिवस झाले."

"त्याचं काय आहे, माईक अगदी माझ्या तोंडात असतो. त्याला माझ्याशिवाय कोणी ऐकू येत नाही."

"तुझ्यासारखाच आहे म्हणजे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी जुना तलवारीचा सिनेमा लावला, माईक उघडला आणि तीस वर्षांच्या सवयीनं दोनशे माणसांच्या वर आवाज काढला. सगळं गोळा करून इंटरनेटवर चढवलं, तिथून ते तिच्या फोनवर गेलं. तिचा फोन रविवारची वाट न बघता आला.

"पोत्यात बसून बोलतोयस का रे? ओरडतोस ते फाटकं ऐकू येतं, आणि हळू बोललेलं काहीच येत नाही. सासू मेली का जिवंत आहे, मला कळलंच नाही."

म्हणून मी हाजी वालुसिंबीच्या दुकानात गेलो. हाजी लोकांच्या फोनमध्ये सिनेमे आणि गाणी भरून देतो. माझा धंदा ज्या फोननं बुडवला, त्याच फोनवर त्याचं घर चालतं. पण माणूस वाईट नाही.

"ये, ये, पावसा!" तो म्हणाला. "ऐकलं मी तुझं. माझं मांजर दुकानातून पळालं ते अजून आलं नाही."

"मोठा झाला ना आवाज?"

"मोठा कसला! तू इथं बोंबललास आणि त्यांनी तिथं तुझा गळा दाबला. हे बघ, तू चढवलेलं ते इंटरनेटवाले आधी मोजतात. अख्ख्या सिनेमाच्या आवाजाची सरासरी काढतात. आवाजाच्या मापात उणे चौदा हा त्यांचा आकडा. त्याच्यावर गेलास की सगळंच्या सगळं खाली ओढतात. तू ओरडलेलं, कुजबुजलेलं, सगळं. मग तुझी कुजबुज जाते तळाला."

"आणि मी उणे चौदावरच राहिलो तर?"

"तर तुला कोणी हात लावत नाही."

"उणे म्हणजे शून्याच्याही खाली. म्हणजे माणसानं गप्पच बसायचं का?"

"शून्य म्हणजे छत, बाबा. डोकं आपटेल इतकं उंच उभं राहायचं नाही. एवढंच." हाजीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ओरडतोस कुणासाठी पण? फोन कानाशी धरून एकच माणूस ऐकत असतो. तुझ्या तोंडापासून एवढ्या अंतरावर." त्यानं टीचभर अंतर दाखवलं.

हे मला कधी सुचलं नव्हतं. दोनशे जणांना एकदम सांगण्याऐवजी एकेकाला सांगायचं. आणि माझ्या बाबतीत तर एकीलाच, तेही डाव्या कानात.

"मागं लोकांचं हसणं घालू का?" हाजीनं विचारलं. "माझ्याकडे भरलेलं आहे, अमेरिकेचं. हवं तिथं चिकटवतो."

त्यानं ऐकवलं. सगळे एकदम हसायचे आणि एकदम थांबायचे, जणू कोणी दार लावलं. आमच्या हॉलमध्ये मुसोके उचकी लागल्यासारखा हसतो, शाळेतला शिपाई शेवटी खोकतो, मैरेसी शिंपीण सगळे थांबल्यावर एकटी सुरू करते. नालोंगो प्रत्येकाला हसण्यावरून ओळखायची. अमेरिकेची माणसं तिनं पुडी बांधायच्या आत पकडली असती.

"नको. एक कर, माझी कुजबुज वर येईल असं काहीतरी दाखव."

त्यानं लॅपटॉपवरचं एक बटण दाखवलं. हळू असेल ते वर उचलतं, मोठं असेल ते दाबतं, सगळं एका पातळीला आणतं. "पण बेतानं दाब," तो म्हणाला. बेतानं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुन्हा बसलो. या वेळी जनरेटर बंद ठेवला, त्याची घरघर माईकमध्ये नको म्हणून, आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर काम केलं. दारं लावून घेतली. हळू बोललो, टीचभर अंतरावरच्या माणसाशी बोलावं तसं. खरं सांगतो, इतकं चांगलं मी आयुष्यात सांगितलं नव्हतं. सासूचं रडणं इतकं हुबेहूब काढलं की मलाच तिची दया आली. आणि प्रत्येक विनोदानंतर मी थांबलो. मुद्दाम नाही. पाय पायरी शोधतो तसं तोंड आपोआप थांबतं, हात सिनेमाचा आवाज मिटवतो. नऊ सेकंद. मग पुढचं वाक्य.

मग हाजीचं बटण शेवटपर्यंत ओढलं. आकडा उणे चौदा आला, माझी छाती फुगली. आता एकदा ऐकून बघायचं म्हणून हॉलच्या मोठ्या स्पीकरवर लावलं. स्पीकरला वीज लागते, विजेला जनरेटर लागतो. जनरेटर भिंतीमागे घरघरत होता आणि मी पहिल्या बाकावर बसून स्वतःला ऐकत होतो. शब्द न् शब्द स्वच्छ. एकही दोष नाही. चढवून टाकलं.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"ऐकलं," नालोंगो म्हणाली.

"कळलं सगळं?"

"एकेक अक्षर. सासूला फार छळलंस. ती गरीब बाई, तिनं काय केलं होतं?" मग म्हणाली, "एन्कुबा, ते मधेमधे काय वाजतं?"

"कुठं?"

"तू विनोद करतोस आणि गप्प होतोस. मग काहीतरी मोठं मोठं होत येतं. घोंघावल्यासारखं. तुझ्याएवढं मोठं होतं. मग तू बोललास की जातं."

"जनरेटर असेल."

"जनरेटर मी ओळखते."

"मग पत्र्यावर पाखरं असतील. हल्ली फार झालीत."

"पत्रा ऐकला मी. ऊन लागलं की टकटक करतो तसा करत होता. पाल ऐकली. तुझी खुर्ची ऐकली. एके ठिकाणी तू पाणी प्यायलास, आणि ते घशातून खाली उतरलेलं मी ऐकलं." तिचा आवाज अजिबात वाढला नाही. "दोनशे माणसं बसली असतील तर कुणाचा घोट ऐकू येतो का रे?"

ते बटण. हळू असेल ते उचलतं. मी गप्प बसलो की त्याला उचलायला दुसरं काही सापडायचं नाही, मग ते आमचा रिकामा हॉल उचलायचं. बाक, पत्रा, भिंती, सगळी नऊ-नऊ सेकंदांची माणसं नसलेली जागा, उचलून माझ्या आवाजाच्या बरोबरीला आणायचं. जनरेटरच्या घरघरीखाली ते मला ऐकूच आलं नव्हतं. मी लपवलेली एकच गोष्ट मी मोठी करून कासेसेपर्यंत पाठवली होती.

"किती जण होते?" तिनं विचारलं.

"होते की."

"किती?"

मी तीस वर्षं लोकांना तोंडावर खोटं सांगत आलोय. फोनवर तर तोंडही दिसत नाही. पण तेव्हा तोंडून निघालं ते खरं.

"एक कोंबडी होती," मी म्हणालो. "दाराखालच्या फटीतून आली होती."

"हसली?"

"नाही. पण तिसऱ्या बाकाखाली अंडं घालून गेली. मी ते तिकीट समजून घेतलं."

नालोंगो हसली. फार दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. मांडीवरची थापसुद्धा ऐकू आली, फोन हातातून निसटता निसटता राहिला असणार. आणि धंद्याची खोड बघा, माझी नजर घड्याळावर गेली. दोन सेकंद. त्यानंतर एक श्वास, आणि संपलं.

मग मी डोळे मिटले आणि कुलूप ऐकायची वाट बघत बसलो. हॉलची किल्ली समोर खिळ्याला लटकत होती. मनातल्या मनात मी ती काढलीही होती.

"मग एवढा वेळ कुणासाठी थांबतोस?" ती म्हणाली.

"अगं, हसायला..."

"कोण हसणार? ती कोंबडी? मला हसायला एवढा वेळ लागत नाही. मी हसून मोकळी होते आणि तू अजून गप्पच. मला वाटतं, फोन बिघडला. मग ते घोंघावणं सुरू होतं. भीती वाटते मला. कमी कर ते."

"किती?"

"तू मोजलं असशीलच आत्ता. तुला मी ओळखत नाही का?"

मी घड्याळावरची नजर काढली.

"आणि ते उचलणारं जे काही असेल ते काढ. माझ्या डाव्या कानाला तुझी कुजबुज ऐकू येते, ती काही कोणी उचलायला नको. पुढच्या रविवारपर्यंत दुसरा सिनेमा चढव. सासू नसलेला. चल, ठेवते, इथं घर माणसांनी भरलंय, सुना हाका मारतायत."

तिनं फोन लगेच ठेवला नाही, बटण शोधत असावी. तेवढ्यात तिच्याकडचं मला ऐकू आलं. भिंतीवरचं घड्याळ होतं. टिक, टिक, टिक. दुसरं काही नाही. सून नाही, पोर नाही, भांडं नाही. मी विचारलं नाही. खोटं बोलण्याचा मक्ता काय माझ्या एकट्याकडे आहे?

त्याच दुपारी लॅपटॉप उघडून बसलो. हाजीचं बटण काढून टाकलं. मग एकेक विनोद शोधला आणि त्याच्यामागची गप्प जागा कापली. त्रेपन्न जागा निघाल्या. प्रत्येकीतले सात सेकंद काढले, दोन ठेवले. सिनेमा सहा मिनिटांनी आखूड झाला. कापताना प्रत्येक जागी कोण हसायचं ते आठवत होतं, इथं मुसोके, इथं शिपाई, इथं सगळ्यांनंतर मैरेसी. मग आवाज मोजून पुन्हा उणे चौदावर आणला. या वेळी जनरेटर लावला नाही, फोन डाव्या कानाला धरून ऐकलं.

तेव्हापासून मी असंच करतो. परवा हाजी म्हणाला, कुठल्या कुठल्या गावचे लोक आता ऐकतात म्हणे, दुबईत राबायला गेलेली आमची पोरंसुद्धा, आणि कोणीतरी लिहिलंय की हा म्हातारा कानात बोलल्यासारखा बोलतो. असेल. मला ते दिसत नाहीत. मी दार ओढून घेतो, विनोद सांगतो, दोन सेकंद थांबतो. कासेसेला ती त्या दोन सेकंदांत हसली की नाही, ते रविवारपर्यंत कळायला मार्ग नसतो. तोवर पुढचं वाक्य बोलावं लागतं.